गेलिक आडनावे : बापाचे नाव, आज्याचे नाव

महाबळेश्वरला जाऊन आलेल्या माणसाला माल्कमपेठ हे नाव ठाऊक असते. पुण्याचे फर्ग्युसन कॉलेज तर ज्याने पाहिलेले नाही त्यालाही ऐकून माहीत आहे. मराठ्यांचा इतिहास म्हटला की ग्रँट डफचे नाव निघते. इंग्रजी शिक्षण म्हटले की मेकॉले आला. पुणे कराराचा धडा शिकवायचा तर त्याआधी १९३२ चा जातीय निवाडा देणाऱ्या रॅम्से मॅकडोनाल्डची ओळख करून द्यावी लागते, आणि ईशान्य सरहद्दीचा नकाशा फळ्यावर काढायचा तर १९१४ ची मॅकमहोन रेषा ओढावी लागते.

हे सगळे साहेब लोक. साहेब म्हणजे इंग्रज, असे आपण धरून चालतो. पण मंडळी, वर सांगितलेली ही नावे मुळात इंग्रजी नव्हेतच. (ग्रँट डफ यातले ‘ग्रँट’ तेवढे सोडा, ते फ्रेंच.) ती गेलिक भाषेतली नावे आहेत. इंग्रजी बोलणाऱ्या राज्यकर्त्यांनी ही भाषा खेडवळ, अडाण्यांची ठरवली आणि शाळांतून हाकलून लावली. ज्यांच्या नावात ही भाषा होती त्यांतल्या पुष्कळांना ती बोलताही येत नव्हती. म्हणजे भाषा गेली आणि आडनाव राहिले. या उरलेल्या आडनावांत काय काय दडले आहे आणि त्यांचे पुढे काय झाले, ते तुम्हाला सांगायचे आहे.

आधी ही भाषा कुठली ते पाहू. युरोपच्या पश्चिम टोकाला आयर्लंड हे बेट आहे. गेलिक तिथली. तिथूनच सुमारे पाचव्या शतकापासून ती समुद्र ओलांडून स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, डोंगराळ भागात आणि हेब्रिडीज बेटांवर गेली. मधल्या मॅन नावाच्या लहानशा बेटावरही ती होती. काळाच्या ओघात तिच्या तीन बहिणी झाल्या : आयरिश, स्कॉटिश गेलिक आणि मॅन्क्स. इंग्रजीशी तिचे नाते अगदी दूरचे. आपल्या संस्कृतशीही तितकेच दूरचे आहे, पण ते आहे, बरे का. गेलिकमध्ये पुरुषाला ‘फार’ अशा उच्चाराचा शब्द आहे; तो आणि संस्कृतातला ‘वीर’ हे एकाच मुळाचे. राजाला ते ‘री’ म्हणतात. तो आणि आपला ‘राजन्’ सख्खे चुलतभाऊ. फर्गस या नावात हाच ‘फार’ बसलेला आहे. पुढे ‘गस’ म्हणजे जोम. जोमदार वीर तो फर्गस, आणि त्याच्या मुलाचे कुळ ते फर्ग्युसन. मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन स्कॉटलंडच्या एअरशर परगण्यातल्या घराण्यातले. त्यांच्या नावाने १८८५ साली पुण्यात कॉलेज निघाले, आणि एक गेलिक वीर आपल्या तोंडी कायमचा बसला.

आता ‘मॅक’कडे वळू. मॅक म्हणजे मुलगा. इतका साधा अर्थ आहे. मॅकडोनाल्ड म्हणजे डोनाल्डचा मुलगा. डोनाल्ड या जुन्या नावाचा अर्थ जगाचा सत्ताधीश, म्हणजे आपल्याकडचा जगदीशच म्हणा. मॅकमहोन म्हणजे महूनाचा मुलगा. त्या शब्दाचा अर्थ अस्वल. आपल्या पाठ्यपुस्तकातली ती सरहद्द एका अस्वलाच्या पोराच्या नावाने चालली आहे! कोणी सांगतात की ‘मॅक’ असे पुरते लिहिले तर माणूस स्कॉटलंडचा आणि नुसते ‘मक्’ असे आखडून लिहिले तर आयर्लंडचा. ही बाजारगप्प आहे. आपण ‘श्रीयुत’ला ‘श्री.’ करतो तशीच ती लेखणीची काटकसर, दोन्ही देशांत चालते.

‘ओ’ची गोष्ट जराशी निराळी. ओब्रायन, ओनील, ओकॉनर ही आयरिश नावे ऐकली की वाटते, हा ‘ओ’ म्हणजे इंग्रजीतल्या ‘चा-ची-चे’चा काही तुकडा असेल. तसे नाही. हा स्वतंत्र गेलिक शब्द आहे, आणि त्याचा अर्थ नातू. पुढे अर्थ रुंदावला आणि तो ‘वंशज’ असा झाला. म्हणजे मॅकवाला बापाचे नाव सांगतो आणि ओवाला आज्याचे.

पण नुसते बापाचे नाव सांगणे म्हणजे काही आडनाव नव्हे. आपण बापाचे नाव मधे घालतोच; ते पिढीगणिक बदलते. आडनाव केव्हा झाले म्हणावे? जेव्हा पणतू आणि खापरपणतूही त्याच एका पूर्वजाचे नाव लावू लागले, तेव्हा. आयर्लंडात हे दहाव्या-अकराव्या शतकात घडले. युरोपात इतक्या लवकर आडनावे पक्की झालेले देश फार थोडे. तिथल्या बखरींत ९१६ साली गॉलवेकडच्या एका सरदाराच्या मृत्यूची नोंद आहे. त्याचे नाव दिले आहे तिगर्नाक ओ क्लेरी. क्लेरी म्हणजे मठातला लेखक, शास्त्री. आपला ‘क्लार्क’ शब्द याच मुळाचा. पक्क्या आडनावाच्या अगदी पहिल्या नोंदींपैकी ही एक समजतात. त्यानंतर तीनच वर्षांनी, ९१९ साली, नील नावाचा राजा डब्लिनजवळ नॉर्समनांशी लढताना पडला. त्याचा नातू डोनल स्वतःला ‘ओ नील’ म्हणवू लागला आणि ते कुळ पुढची सातशे वर्षे अल्स्टर प्रांतात गाजत राहिले. १०१४ साली क्लॉन्टार्फच्या लढाईत ब्रायन बोरू हा राजा मारला गेला. त्याचे वंशज ते ओब्रायन. लोक सांगतात की ब्रायन राजानेच हुकूम काढून सगळ्यांना आडनावे लावायला सांगितली. गोष्ट छान आहे, पण खरी नाही. हुकमाने नव्हे, गरजेने ही नावे आली.

ती गरज कोणती? जमीन आणि गादी. गेलिक समाजात थोरल्या मुलाला गादी, असा सरसकट नियम नव्हता. एका पूर्वजापासून चार पिढ्यांच्या आत निघालेल्या पुरुषांपैकी जो लायक असेल आणि ज्याच्या मागे माणसे असतील, त्याचा हक्क लागे. मग मी अमक्याचा नातू, अमक्याचा पणतू, हे चारचौघांत सिद्ध करता आले पाहिजे. आपल्याकडे हेळवी येऊन घराण्याची वंशावळ म्हणून दाखवतो ना, तशी वंशावळी राखणारी पिढीजाद घराणी तिकडे होती. गंमत अशी, की ज्यांच्या नावाची ती जुनी नोंद आपण आताच पाहिली, ते ओ क्लेरीच पुढे उत्तरेकडे जाऊन पिढीजाद इतिहासकार झाले. १६३२ ते १६३६ या काळात, गेलिक सरदारांची सत्ता मोडून पडल्यावर, मीहॉल ओ क्लेरी या साधूने तीन सोबती घेऊन डोनेगॉलमध्ये साऱ्या आयर्लंडची बखर लिहून काढली. ‘चार पंडितांची बखर’ म्हणून ती प्रसिद्ध आहे. आडनावात लेखक आणि सातशे वर्षांनंतरही हातात लेखणी!

एक गैरसमज मात्र इथेच काढून टाकू. ‘क्लॅन’ हा शब्द तुम्ही ऐकला असेल. गेलिकमध्ये ‘क्लान’ म्हणजे मुलेबाळे. म्हणून मॅकडोनाल्ड तेवढे सारे एका रक्ताचे, असे मानायचा मोह होतो. तसे नव्हते. सरदाराच्या आश्रयाला आलेले कूळ, त्याच्या जमिनीवर राहणारा शेतकरी, त्याचे रक्षण हवे असलेला दुबळा शेजारी, हे सगळे त्याचेच नाव लावू लागत. नाव म्हणजे रक्त असे नेहमीच नसते. कित्येकदा ते छत्र असते.

आता अर्थांकडे येऊ. मला स्वतःला या विषयात सर्वांत रस वाटतो तो इथे. आपल्याकडे देशमुख, कुलकर्णी, सुतार, जोशी ही कामावरून आलेली नावे आहेत. तिकडे ती ‘अमक्या काम करणाऱ्याचा मुलगा’ अशी आली. ‘मॅक गोवन’ लोहाराचा मुलगा. ‘मॅकिन्टायर’ म्हणजे मूळचे ‘मॅक अन तीर’, सुताराचा मुलगा. मॅकिन्टॉश हा टोळीच्या नायकाचा मुलगा. या नावाच्या ग्लासगोच्या एका गृहस्थाने १८२३ साली रबर लावलेल्या कापडाचे पेटंट घेतले, म्हणून इंग्रजीत पावसाळी कोटालाच मॅकिन्टॉश म्हणू लागले. ‘वॉर्ड’ हे नाव तर अगदी इंग्रजी वाटते. पण आयर्लंडातले पुष्कळसे वॉर्ड हे ‘मॅक अन वॉर्ड’, म्हणजे बार्डाचा, राजकवीचा मुलगा.

बार्डचा वॉर्ड कसा झाला? शिक्षकबंधूंना हे गमतीचे वाटेल. आपल्या मराठीत विभक्ती लागताना शब्दाचे शेपूट बदलते : घोडा, घोड्याचा. त्याला आपण सामान्यरूप म्हणतो. गेलिकमध्ये शेपूट तर बदलतेच, शिवाय शब्दाचे डोकेही बदलते! ‘ब’चा ‘व’ होतो, ‘म’चाही ‘व’ होतो, ‘स’चा ‘ह’ होतो, आणि ‘फ’ तर कधी साफ गिळला जातो. म्हणून कोशात पहिल्या अक्षरावर शब्द शोधू जावे तर नवशिक्याला तो सापडत नाही. इंग्रज कारकुनालाही सापडला नाही. त्याचे परिणाम काय झाले ते पुढे येईल.

देवधर्मावरून आलेली नावे फार सुंदर आहेत. ख्रिस्ती संतांचे नाव आपल्या मुलाला थेट ठेवणे जुन्या गेलिक माणसाला धीटपणाचे वाटे. तो ‘संताचा सेवक’ असे नाव ठेवी. आपला रामदास, तुळशीदास, विठ्ठलदास, तसेच. सेवकाला शब्द दोन : ‘गिल्ला’ म्हणजे चाकर, पोरगा, आणि ‘मूल’ म्हणजे मुंडन केलेला, अर्थात शिष्य. गिलख्रिस्त हा ख्रिस्तदास. गिलीस हा येशूदास. मॅक्लीन हा योहानाच्या दासाचा मुलगा. आणि माल्कम? ५६३ साली आयर्लंडातून निघून आयोना या चिमुकल्या बेटावर मठ स्थापणारा संत कोलुंबा, त्याचा मुंडन केलेला शिष्य तो माल्कम. कोलुंबा या लॅटिन शब्दाचा अर्थ पारवा. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी साताऱ्याच्या छत्रपती प्रतापसिंहांशी करार करून महाबळेश्वरचे ठाणे वसवले, ही १८२८-२९ च्या सुमाराची गोष्ट. त्या बाजारात स्ट्रॉबेरी विकत घेताना आपण एका आयरिश संताच्या चेल्याचे नाव घेत असतो.

शरीरावरून आणि रंगावरून पडलेल्या नावांना तर तिकडे तोटाच नाही. तिथली माणसे याबाबतीत आपल्यासारखीच निर्दय. कॅम्बेल म्हणजे वाकड्या तोंडाचा. कॅमेरॉन वाकड्या नाकाचा. मुंबई इलाख्याचे गॅझेटियर संपादणारे जेम्स मॅकनॅब कॅम्बेल यांचे पुरे नाव उलगडले तर ‘मठाधिपतीचा मुलगा, वाकड्या तोंडाचा’ असे निघते. गॅझेटियर मात्र त्यांनी मोठे सरळ काढले. केनेडी या नावाचा एक अर्थ कुरूप डोक्याचा, दुसरा शिरस्त्राण घातलेला. केनेडी मंडळी दुसराच पसंत करीत असतील! हा केनेटिग म्हणजे वरच्या ब्रायन बोरूच्या बापाचेच नाव होते. रंगांची नावे म्हणाल तर रॉय म्हणजे तांबडा, बेन म्हणजे गोरा आणि डफ म्हणजे काळा. आपले ग्रँट डफ यांतले ग्रँट हे फ्रेंच भाषेतून आले, त्याचा अर्थ मोठा. तेव्हा मराठ्यांच्या इतिहासकाराला मराठीत ‘थोरले काळे’ म्हणायला हरकत नाही.

आणि परके? ७९५ सालापासून नॉर्वेचे नॉर्समन या किनाऱ्यांवर नावा घालू लागले. लुटले, मारले, मग तिथेच राहिले, बायका केल्या, भाषा उचलली. त्यांच्या पोरांची नावेही ‘मॅक’ लावून गेलिक झाली. हेब्रिडीजमधले मॅकलाउड हे लयोट नावाच्या नॉर्स माणसाचे. ‘डॉयल’ या आयरिश नावाचा अर्थच ‘काळा परका’. आणि मेकॉले म्हणजे ओलाफचा मुलगा. ओलाफ हे अस्सल नॉर्स नाव. १८३५ साली हिंदुस्थानच्या साऱ्या वाङ्मयाला एका फळीएवढीही किंमत न देणारे ते टिपण ज्यांनी लिहिले, त्या लॉर्ड मेकॉले यांचे आजोबा आणि पणजोबा हेब्रिडीज बेटांतले धर्मोपदेशक. म्हणजे आडनाव नॉर्स बापाचे, गेलिक साच्यातले. आणि वकिली केली इंग्रजीची. मला यात राग येण्यापेक्षा नवलच अधिक वाटते.

इथवर झाला नावांचा जन्म. आता त्यांच्यावर काय ओढवले ते ऐका.

इंग्लंडच्या राजाचा अंमल आयर्लंडात बाराव्या शतकात सुरू झाला. तिथे राहायला गेलेले नॉर्मन-इंग्रज सरदार हळूहळू गेलिक बोलू लागले, गेलिक नावे घेऊ लागले. राजाला ते खपेना. १३६६ साली किल्केनीला कायदा झाला की इंग्रजाने इंग्रजीच बोलावे आणि इंग्रजीच नाव लावावे. पुढे १४६५ साली उलटे फर्मान निघाले : डब्लिनभोवतीच्या इंग्रजी मुलखात राहणाऱ्या आयरिश माणसाने इंग्रजी आडनाव घ्यावे. कुठले घ्यावे याची यादीच दिली होती. एखाद्या गावाचे घ्या, नाहीतर पांढरा, काळा, तपकिरी असा रंग घ्या, नाहीतर लोहार, सुतार, आचारी असा धंदा घ्या. कायद्याने आडनाव वाटण्याचा हा प्रकार!

स्कॉटलंडात तर याहून भयंकर घडले. १६०३ साली मॅकग्रेगर आणि कोलकून या दोन कुळांत ग्लेन फ्रूनच्या खिंडीत रक्तपात झाला. त्याची शिक्षा म्हणून सहाव्या जेम्स राजाच्या सल्लागार मंडळाने मॅकग्रेगर हे नावच नाहीसे केले. हे नाव लावील त्याला देहान्त. रातोरात माणसे कॅम्बेल झाली, ड्रमंड झाली, मरे झाली, ग्रँट झाली. १६६१ साली बंदी उठली, १६९३ साली पुन्हा बसली आणि १७७४ साली कायमची उठली. गोष्टीतून प्रसिद्ध झालेला रॉब रॉय, म्हणजे तांबडा रॉबर्ट, हा मॅकग्रेगरच. पण कागदोपत्री त्याला आईच्या माहेरचे कॅम्बेल हे नाव लावावे लागे. विचार करा, एखाद्या माणसाला विचारले, तू कोणाचा? आणि खरे उत्तर दिले तर फास.

मात्र तलवारीने आणि फासाने जे झाले नाही, ते लेखणीने केले. सतराव्या शतकापासून आयर्लंडातली सरकारी दप्तरे, कोर्टे, सारावसुली, सगळे इंग्रजीत. खेडूत आपले नाव सांगे गेलिकमध्ये. कारकून ते कानाला येईल तसे इंग्रजी अक्षरांत लिही. एकच ‘मॅक गिल्ला व्रीदे’, म्हणजे संत ब्रिजिदच्या सेवकाचा मुलगा, हे नाव कुठे मॅकब्राइड झाले, कुठे गिलब्राइड, कुठे किलब्राइड. सख्ख्या भावांची तीन आडनावे! कोणी कारकून हुशार निघाला तर तो नावाचे भाषांतर करी. कॅव्हन परगण्यातले लोहारपुत्र ‘मॅक गोवन’ होते ते ‘स्मिथ’ झाले. हे तरी अर्थाला धरून होते. पण ‘तीर’ म्हणजे सुतार, आणि त्याच उच्चाराच्या जवळचा शब्द ‘सीर’ म्हणजे स्वतंत्र. तेव्हा काही सुतारपुत्र ‘फ्रीमन’ होऊन बसले. ‘मॅक कॉन री’ या कुळाचा राजाशी संबंध नव्हता, पण शेवटी ‘री’ ऐकू आले म्हणून त्यांना ‘किंग’ करून टाकले. हेनेहन नावात पक्ष्याला असलेला शब्द ऐकू आल्यासारखे वाटले, की लिहिले ‘बर्ड’. ओ आणि मॅक तर सर्रास गळाले. ‘ओ मुरखू’, सागरयोद्ध्याचा वंशज, हे आयर्लंडातले सर्वांत जास्त आढळणारे आडनाव. ते नुसते ‘मर्फी’ उरले. आणि शंभर-दीडशे वर्षांनी लोकांना पुन्हा उमेद आली, गळालेले तुकडे परत लावू लागले, तेव्हा काहींना आपण मॅक होतो की ओ, हेच आठवेना. क्लेअरकडचे मॅकगॉर्मन अशा रीतीने ओगॉर्मन झाले. मुलाचा नातू झाला!

१८३१ साली आयर्लंडात सरकारी शाळांची व्यवस्था सुरू झाली; माध्यम इंग्रजी. घरी मूल ‘ओ’ आणि ‘मॅक’ ऐके, शाळेच्या पटावर मात्र इंग्रजी नाव. त्या काळी पुष्कळ ठिकाणी मुलाच्या गळ्यात एक काठी दोरीने बांधत. मूल आयरिश शब्द बोलले की काठीवर एक खाच. संध्याकाळी खाचा मोजायच्या आणि तितक्या छड्या. वाईट वाटते ते हे, की घरी आईबापही खाच पाडायला मदत करीत. पोराने इंग्रजी शिकावे, बोटीत बसावे, उपाशी मरू नये, एवढेच त्यांना हवे होते. १८४५ पासूनच्या बटाट्याच्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली आणि त्याहून अधिक देश सोडून गेली. त्यांत गेलिक बोलणाऱ्या पश्चिमेचा वाटा सर्वांत मोठा होता.

शाळेच्या पटाचा विषय निघाला म्हणून घरचेच एक सांगतो. माझे आजोबा आणि त्यांचे धाकटे बंधू यांची आडनावे वेगळी. थोरल्याला गावच्या शाळेत घातले. गुरुजींनी विचारले, आडनाव काय? गावात आमच्या घराला आडनाव असे कोणी लावतच नसे. गुरुजींनी गावाचे नाव घेतले, त्याला ‘कर’ जोडला आणि मोकळे झाले. धाकटे बंधू मामाच्या गावी शिकले. तिथल्या गुरुजींनी मामाकडे चौकशी करून कुळाचे नाव लिहिले. दोघेही गुरुजी सज्जन, कोणाच्याही मनात काळेबेरे नव्हते. पण पुढे जमिनीच्या वारसाची नोंद करताना हे दोघे सख्खे भाऊ हे पटवायला माझ्या वडिलांनी तालुक्याच्या कचेरीत किती खेटे घातले ते मी लहानपणी पाहिले आहे. म्हणून मॅकब्राइड आणि किलब्राइड हे एकच, असे वाचले तेव्हा मला ते पुस्तकातले वाटले नाही.

बायकांच्या नावांबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत, कारण इथे गेलिकची रीत फार नेटकी आहे. मुलगी काही कोणाचा ‘मुलगा’ किंवा ‘नातू’ असू शकत नाही. म्हणून तिच्या नावात मॅकच्या जागी ‘निक’ येते आणि ओच्या जागी ‘नी’. दोन्हींत ‘मुलगी’ हा शब्द आखडून बसला आहे. ओ सूलवॉन, म्हणजे इंग्रजीतले ओसलिव्हन, यांची मुलगी मॉरे ही ‘मॉरे नी हूलवॉन’. ‘स’चा ‘ह’ झालेला तुमच्या लक्षात आला असेलच. तीच जर या घरात लग्न होऊन आलेली सून असेल, तर ‘नी’ नव्हे, ‘ई हूलवॉन’. नुसत्या नावावरून बाई या घरची लेक की सून ते कळते! जुन्या काळी तर लग्नानंतरही बाई माहेरचेच नाव चालवी. इंग्रजी पटावर हे सगळे पुसले गेले. लेक, सून, बाप, नातू, सगळे एका ओळीत ‘सलिव्हन’. आज मात्र आयर्लंडात पुष्कळ मुली आपले नाव पुन्हा ‘नी’ आणि ‘निक’ लावून लिहितात आणि कोणी हसत नाही.

खेड्यातली माणसे कागदावरच्या नावावर फारशी विसंबत नाहीत, हे तुम्हाला सांगायला नको. हेब्रिडीजमधल्या ल्युइस बेटावर एकेका गावात निम्मे मॅकलाउड, उरलेले मॅकडोनाल्ड आणि मॉरिसन. मग हाक कशी मारायची? ‘मोठ्या इयनचा डोनाल्ड’, ‘तांबड्या अँगसची मेरी’. आडनाव पोस्टासाठी, खरे नाव गल्लीसाठी.

शेवटी एका बैलगाडीसारखीच गोष्ट; गाडी मात्र घोड्याची. डोनेगॉल परगण्यात नील मॅक गिल्ला व्रीदे नावाचा एक शेतकरी होता. गाणी रचणारा, गेलिक बोलणारा. कायदा असा, की गाडीवर मालकाचे नाव वाचता येईल अशा अक्षरांत लिहिलेले असावे. नीलने आपले नाव गाडीवर लिहिले, पण आयरिश भाषेत आणि आयरिश वळणाच्या अक्षरांत. पोलिसाने खटला भरला : नाव वाचता येत नाही. नीलला दंड झाला. दंड किरकोळ होता, पण तो भरून गप्प बसण्याऐवजी नील अपिलात गेला. १९०५ साली डब्लिनच्या वरिष्ठ कोर्टात हे अपील चालले. नीलच्या बाजूच्या वकिलांत पॅट्रिक पिअर्स नावाचा पंचविशीतला तरुण होता. त्याचे म्हणणे सरळ होते. ज्या गावात ही गाडी चालते त्या गावचा माणूस ही अक्षरे वाचतो. मग न वाचता येणारी ती कशी? कोर्टाने मानले नाही. अपील फेटाळले गेले.

पिअर्सने वकिली पुढे केली नाही. १९०८ साली त्याने डब्लिनमध्ये शाळा काढली. आयरिश आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांतून शिकवणारी. हा पिअर्स मूळचा गेलिक कुळातला नव्हे, बरे का. त्याचा बाप इंग्लंडहून आलेला पाथरवट, आडनाव इंग्रजी. त्याने ते आयरिश वळणाने लिहायला घेतले : पॉडरिग मॅक पिअरिश. दुसऱ्याच्या गाडीवरच्या पाटीसाठी कोर्टात उभा राहिलेला हा माणूस १९१६ च्या एप्रिलात डब्लिनच्या उठावाचा पुढारी झाला आणि ३ मे रोजी त्याला गोळ्या घालण्यात आल्या. उठावाच्या पहिल्या दिवशी त्याने रस्त्यावर उभे राहून जो जाहीरनामा वाचला, त्याच्या तळाशी सात नावे छापलेली आहेत. एडवर्ड केंट म्हणून जन्मलेल्या माणसाचे नाव तिथे ‘एमन क्यान्ट’ असे आहे. जॉन मॅकडर्मटचे ‘शॉन मॅक डीरमदा’ आहे. टॉमस मॅकडोनाचे नाव इंग्रजी वळणानेच आहे; तो डोनाचा, म्हणजे ज्याला स्कॉटलंडात आणि आपल्या जुन्या मुंबईत डंकन म्हणत, त्या नावाच्या माणसाचा मुलगा. आणि पिअर्सचे स्वतःचे नाव आहे साध्या इंग्रजीत, बापाने दिले तसेच : पी. एच. पिअर्स.